शाळेत बसवलेलं हजेरीचं यंत्र: अडीच वर्षांच्या वापरानंतर

आमच्या हायस्कूलच्या कार्यालयाबाहेर जून २०२३ मध्ये हजेरीचं यंत्र बसलं. बोटही ओळखतं, चेहराही ओळखतं. बसवणावळीसकट ११,५०० रुपये पडले आणि मोबाईलवर अहवाल दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे वर्षाला ३,६०० वेगळे. मी इथे लिपिक आहे. १९ वर्षं मस्टर, रजेचे अर्ज, सेवापुस्तकं, पगारबिलं सगळं माझ्या टेबलावरून जातं. कर्मचारी २२, त्यात १७ शिक्षक. शाळा माण तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी यंत्रं वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि अडचणी जवळपास सारख्याच येतात. दुसऱ्या शाळेतल्या एखाद्या भाऊसाहेबांना उपयोग व्हावा एवढ्यासाठी लिहितोय.

आधी मस्टर कसं होतं ते सांगतो. आमची प्रार्थना १०:४५ ला. मस्टरवर सहीपुढे वेळ लिहायची पद्धत होती आणि वर्षभराची पानं चाळली तर सगळीकडे १०:४० दिसायचं. पहिल्याने १०:४० लिहिलं की खालचे सगळे तेच लिहीत. हालचाल रजिस्टर होतं, पण दुपारी बँकेत जाऊन आलेल्याची नोंद कधी व्हायची, कधी राहून जायची. यात कोणी लबाडी करत होतं असं मी म्हणणार नाही. मस्टर कोणाला खरी वेळ विचारतच नव्हतं. पण पहिल्या तासाला नववी ब मोकळी बसलेली असायची आणि त्या गलक्याचा दोष कुणावर, हे कधीच ठरायचं नाही. मुख्याध्यापक एकाला बोलले की तो म्हणायचा, मलाच का बोलता?

हा वाद यंत्राने पहिल्या आठवड्यात संपवला. १०:३७, १०:५२, १०:४४. ज्याची वेळ त्याच्या नावावर. एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणेन.

आता यंत्राकडे येतो. बोटाचा भाग शाळेसाठी कमी पडतो. आमचे सर्वांत जुने शिपाईमामा पहाटे उठून शेतात राबून येतात. अंगठ्याच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. नोंदणीच्या दिवशी कसंबसं घेतलं, पण दुसऱ्या दिवशी यंत्र ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणत राहिलं. मामांनी अंगठा सदऱ्याला पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला, मग दुसरा ठेवला. अकरा वेळा. मागे पाचवीची पोरं रांगेत उभी राहून बघत होती. ज्या माणसाने इतकी वर्षं रोज सगळ्यांच्या आधी येऊन शाळेचं कुलूप उघडलं, त्याला ते खोकं ‘पुन्हा प्रयत्न करा’ सांगत होतं. मला ते बघवलं नाही. त्याच दिवशी मी मस्टर काढून त्यांची सही घेतली आणि मुख्याध्यापकांना म्हटलं, मामांचा चेहराच लावू. खडूने हात भरलेल्या शिक्षकांचंही तेच होतं. मेंदी लावून आलेल्या मॅडमचं तेच, आणि पावसाळ्यात ओल्या बोटांचंही. नोंदणी करताना प्रत्येकाची दोन्ही हातांची मिळून किमान तीन बोटं घ्या. काच कोरड्या मऊ फडक्यानेच पुसा. आमच्याकडे एकाने डस्टरने पुसली, तो ओरखडा अजून आहे.

चेहऱ्याचा भाग मात्र चांगला आहे. पण जागा चुकली की तोही फसतो. बसवायला आलेल्या मुलाने वायर जवळ पडते म्हणून यंत्र व्हरांड्याच्या फाटकाकडच्या खांबावर लावलं. शाळा भरताना पाठीमागून ऊन यायचं आणि चेहरा काळा दिसायचा. मी तीन फोन केले, शेवटी गावातल्या वायरमनला दीडशे रुपये देऊन आतल्या भिंतीवर हलवून घेतलं. तेव्हापासून दोन सेकंदांत नोंद होते. स्कूटीवरून येणाऱ्या मॅडमना तोंडाचा स्टोल सोडावा लागतो, तेवढंच.

सर्वांत मोठा घोटाळा घड्याळाने केला. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्याकडे लाईट सलग दीड दिवस गेली. यंत्राची बॅटरी काही तास टिकते, त्यानंतर ते बंद पडलं. लाईट आल्यावर सुरू झालं, सगळ्यांनी चेहरे दाखवले, ‘थँक यू’ ऐकलं आणि वर्गावर गेले. चौथ्या दिवशी मी अहवाल उघडला तर आख्खी शाळा गैरहजर. शोधता शोधता सापडलं: सगळ्या नोंदी १ जानेवारी २००० पासून पुढच्या तारखांवर पडल्या होत्या. आतला छोटा बटणसेल गेला होता, त्यामुळे घड्याळ मुळापासून सुरू झालं. तीन दिवसांची हजेरी मी हाताने भरली, तीही मस्टर समांतर चालू ठेवलं होतं म्हणून. मस्टर बंद करू नका हे माझं सगळ्यांना सांगणं आहे. आणि दर सोमवारी यंत्राची तारीख आणि वेळ मोबाईलशी ताडून बघा, अर्धं मिनिट लागतं.

पगाराचा संबंध जोडून अनेकजण विचारतात म्हणून सांगतो. आमच्या यंत्रातून शालार्थमध्ये, म्हणजे शाळांची पगारबिलं बनवण्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत, काहीही आपोआप जात नाही. बिनपगारी रजा असो की अर्धपगारी, ती मीच तपासून भरतो. विक्रेता ‘पगाराशी जोडून देतो’ म्हणाला तर अनुदानित शाळेने त्यावर भुलू नये.

हजेरी सुधारली का? सुधारली, पण यंत्राच्या धाकाने नव्हे. पहिल्या महिन्यात ६१ लेट मार्क पडले. आमच्याकडे पूर्वीपासून तीन लेट मार्कला एक किरकोळ रजा कापतात आणि वर्षाला किरकोळ रजा १२. त्या हिशेबाने काहीजणांच्या रजा दिवाळीआधीच संपल्या असत्या. मुख्याध्यापकांनी घाई केली नाही. म्हणाले, “भाऊसाहेब, नावं बाजूला ठेवा, वेळा बघा.” वेळा मांडल्या तर ६१ पैकी ३८ चौघांचे निघाले, आणि ते चौघे दहिवडीकडून एकाच एसटीने येणारे. गाडी फाट्यावर १०:४५ च्या आसपास टेकते, तिथून चालत सात मिनिटं. आधीची गाडी सकाळी साडेआठची. म्हणजे शाळेत दोन तास आधी पोचा, नाहीतर सात मिनिटं उशिरा. इतकी वर्षं आम्ही याला त्या चौघांचा आळस समजत होतो.

मग वेळापत्रक बदललं. चौघांची पहिली तासिका काढून गावात राहणाऱ्या शिक्षकांना दिली आणि सुटल्यावर पाव तास थांबून मुलींना गाडीत बसवून देण्याचं काम या चौघांनी घेतलं. त्यांची ठरलेली वेळ सॉफ्टवेअरमध्ये वेगळी शिफ्ट म्हणून टाकता येते. ती सोय या यंत्रात आहे आणि फार कामाची आहे. पुढच्या महिन्यात लेट मार्क १४. नववी ब आता पहिल्या तासाला मोकळी नसते.

राजस्थानात उदयपूरजवळच्या एकशिक्षकी शाळांत २००३ पासून कॅमेऱ्याचा प्रयोग झाला होता. शाळा भरताना आणि सुटताना विद्यार्थ्याने शिक्षकाचा मुलांबरोबर फोटो काढायचा, फोटोवर तारीख-वेळ छापली जायची. तिथे गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. आमच्या संस्थेच्या बैठकीत कोणीतरी हे उदाहरण देऊन म्हणालं, यंत्र लावा, निम्मी होते. मला ते पटलं नाही. तिथे महिन्यातल्या दहा दिवसांच्या वर प्रत्येक हजर दिवसाला ५० रुपये जास्त मिळत होते; फोटो म्हणजे पगार होता. आमच्याकडे पगार ठरलेला आहे आणि त्याच सुमारास देशभर अचानक भेटी देऊन झालेल्या पाहणीत गैरहजेरी सगळ्यांत कमी महाराष्ट्रातच निघाली होती, देशात २५ टक्के तर इथे सुमारे १५. इथल्या शाळेत माणूस का आला नाही हे आधी बघावं लागतं.

याच मुद्द्यावर या सॉफ्टवेअरबद्दल माझी खरी तक्रार आहे. त्याला ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ एवढंच सुरुवातीला माहीत असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक होती. आमच्या विज्ञानाच्या मॅडमची प्रशिक्षणं, साहित्य घेणं आणि मतदान मिळून पाच दिवस गेले. अहवालात पाचही दिवस लाल. तो अहवाल मोबाईलवरून थेट संस्थेत गेला आणि बैठकीत मॅडमना सगळ्यांसमोर विचारलं गेलं, पाच दिवस कुठे होता? त्या काही बोलल्या नाहीत, पर्समधून तहसीलचा आदेश काढून टेबलावर ठेवला. मतदानाच्या दिवशी पहाटे पाचला केंद्रावर हजर असलेल्या बाईच्या नावापुढे लाल खूण होती. शिक्षण हक्क कायद्यातच निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामं शिक्षकांना देता येतात असं लिहिलं आहे. सरकारनेच पाठवलेल्या दिवसाला गैरहजर म्हणणारं यंत्र शाळेत चालूच कसं शकतं?

‘ओडी’ म्हणजे कर्तव्यार्थ बाहेर, हा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये होता. पण तो चार पानं आत दडलेला आणि बसवताना कोणी दाखवला नव्हता. आता आदेश आला की त्याच दिवशी मी आगाऊ ओडी टाकतो, आदेशाचा फोटो जोडतो आणि महिन्याचा अहवाल मुख्याध्यापकांची सही झाल्याशिवाय बाहेर जात नाही. थेट संस्थेला जाणारा अहवाल मी बंद करून घेतला.

घेणाऱ्याने विक्रेत्याकडे चार गोष्टी समोर करून दाखवायला सांगाव्यात: ओडी कशी टाकायची, शिफ्ट कशी बदलायची, नेट नसताना पेन ड्राइव्हवर नोंदी कशा काढायच्या आणि कर्मचारी बदलून गेला की त्याचा चेहरा-बोट यंत्रातून कसं पुसायचं. शेवटचं बहुतेक विसरतात. आमच्याकडून बदलून गेलेल्या दोन शिक्षकांचे चेहरे वर्षभर तसेच पडून होते. मी त्यांना फोन करून सांगितलं आणि मग पुसले.

पाचपैकी साडेतीन तारे. वर्गणी जूनमध्ये पुन्हा भरणार आहे, मात्र ओडीचा पर्याय पहिल्या पानावर आणून दिल्यावरच, आणि तसं विक्रेत्याकडून लिहून घेतलं आहे.