सांगलीतलं घरगुती फायबर, १०० एमबीपीएस, ‘अनलिमिटेड’ प्लॅन: लग्नसराईत वापरून

माझं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचं. शूटिंगला मी जात नाही. कराड, इचलकरंजी, जयसिंगपूरकडचे फोटोग्राफर फुटेज पाठवतात आणि मी विश्रामबागेत घरी बसून टीझर, हायलाइट आणि अक्षतांपासून पाठवणीपर्यंतचं पूर्ण लग्न कापून देते. नेट गेलं की माझं दुकान बंद. तेव्हा हा रिव्ह्यू ‘दिवसातून दोन रील पाहिले, स्पीड मस्त’ अशा छापाचा नाही. नेट पिळून काढणाऱ्या बाईचा आहे, हे धरून वाचा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात तिची फ्रँचायझी चालवणारे केबलवाले काका मंडईत नेहमी भेटतात आणि माणूस चांगला आहे. एवढं सांगते की देशभर जाहिराती करणाऱ्या बड्या कंपन्यांपैकी ही नाही. प्लॅन १०० एमबीपीएसचा, डाउनलोड आणि अपलोड दोन्हीला तेवढाच स्पीड. महिन्याला ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२६. पत्रकावर मोठ्या अक्षरात ‘अनलिमिटेड’. खाली मुंगीएवढ्या अक्षरात महिन्याचं लिमिट: ३३०० जीबी.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. वायर लावून टेस्ट केली तर चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या खाली आकडा फारसा येत नाही, रात्री नऊला सगळी कॉलनी टीव्हीसमोर असतानाही. वायफायवर मधल्या खोलीच्या भिंतीपलीकडे निम्मा होतो, पण तो दोष भिंतीचा. लाईट गेली तरी राउटरचा खोका इन्व्हर्टरवर चालतो आणि नेट जात नाही, म्हणजे काकांच्या ऑफिसातही बॅटरी बॅकअप आहे. गटाराच्या कामात जेसीबीने वायर तोडली, तेव्हा संध्याकाळच्या आत माणूस येऊन जोड मारून गेला. अपलोडही पूर्ण शंभर मिळतो. मी हे कनेक्शन घेतलं तेच मुळी अपलोडसाठी.

त्याचं कारण सांगायचं तर थोडा हिशेब मांडावा लागेल. फोर-के कॅमेरा शंभर एमबीपीएसवर रेकॉर्ड करत असेल तर एका तासाचं फुटेज ४५ जीबी होतं. दोन कॅमेरे, एक ड्रोन, सगळं मिळून सहा तासांचं कामाचं फुटेज धरा: २७० जीबी. हे एका लग्नाचं. हळद आणि रिसेप्शन वेगळं शूट केलं असेल तर त्याचं आणखी. हे सगळं मी उतरवून घेते. मग तयार झालेला तीन तासांचा व्हिडिओ वर चढवते, तो साधारण २७ जीबी. मग नवरीच्या मामांना त्यांचा आहेर द्यायचा शॉट दिसत नाही म्हणून दुरुस्ती. पुन्हा २७ जीबी. मामा हे प्रत्येक लग्नात असतात.

तरीही ३३०० जीबी हा आकडा मला सुरुवातीला अवाढव्यच वाटला होता आणि साध्या घराला तो आहेही. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात, फोर-केला ७ जीबीपर्यंत. रोज चार तास एचडी पाहिलं तरी महिन्याचे ३६० जीबी. आमच्या सासूबाई तेवढं पाहतात. निदान टीव्ही तेवढा चालू असतो, त्यातला काही वेळ त्यांचा डोळा लागलेला असतो. चिरंजीवांचा एखादा गेम शंभर जीबीच्या वर जातो आणि अपडेट नेमकं शनिवारी येतं.

तर ऐन लग्नसराईत, महिना संपायला आठवडा असताना, सकाळी अपलोड लावून मी डबा करायला गेले. परत आले तर पट्टी तिथेच. टेस्ट केली: २ एमबीपीएस. ३३०० जीबी संपले होते आणि ते संपले की स्पीड एवढाच.

कस्टमर केअरला फोन लावला. तिकडचा मुलगा अत्यंत अदबीने म्हणाला, “मॅडम, आपका प्लान अनलिमिटेड ही है. बंद कहाँ हुआ है?” तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. २ एमबीपीएसने दिवसभर, रात्रभर, एक क्षण न थांबता अपलोड केलं तर २१.६ जीबी जातात. माझं ते २७० जीबींचं लग्न या गतीने साडेबारा दिवसांत आलं असतं. तोवर नवरा-नवरी जेजुरी करून, हनिमूनहून परत आलेले असतात.

काकांना विचारलं तर ते हसायलाच लागले. “अहो ताई, एवढं वापरतंय कोण? आख्ख्या गल्लीत तुमचंच संपलंय.” हे कौतुक होतं की तक्रार, ते कळलं नाही.

पण माझ्या कामाचा हिशेब मांडला तर तो निम्म्यावरच थांबत होता. मग उरलेलं खाल्लं कोणी? कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा वापर दिसतो, डाउनलोड आणि अपलोड वेगवेगळा. (हे ॲप दिसायला गबाळं आहे पण आकडे खरे दाखवतं. राउटरच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, जवळजवळ जुळले.) ज्या दिवशी मी संगणकाला हात लावला नव्हता, त्या दिवशीही अपलोड चाळीस जीबींच्या वर. आम्ही सगळे दिवसभर कवठेमहांकाळला वास्तुशांतीला गेलो होतो, तो दिवस. घरात कुणी नाही आणि नेट मात्र धो धो वाहतंय.

चोर गेटवर होता. आमच्या ह्यांनी हौसेने दोन कॅमेरे बसवलेत, एक गेटवर, एक गच्चीवर, आणि दोन्ही चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्ड करणारे. एक कॅमेरा २ एमबीपीएसने अखंड पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६४८. दोघांचे मिळून जवळजवळ १३०० जीबी. म्हणजे आमच्या कोट्यातला चाळीस टक्के भाग गेटवर झोपणाऱ्या कुत्र्याच्या चित्रीकरणात जात होता. सिनेमा पाहणारा माणूस कधीतरी उठून झोपायला जातो; कॅमेरा झोपत नाही. शिवाय लिमिट मोजताना वर गेलेलं आणि खाली आलेलं, दोन्ही धरतात. हे पत्रकावर कुठेही नाही, अटींच्या पानावर आहे. आता कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड टाकलंय आणि काही हललं तरच क्लिप वर जाते. त्यांचा आकडा साठ-सत्तर जीबींवर आला.

आता कंपनीचे मार्क कुठे कापते ते सांगते.

पहिली गोष्ट, मेसेज. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्येच कंपन्यांना बजावलंय की लिमिट किती, लिमिटपर्यंत स्पीड किती आणि त्यानंतर किती हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. निम्मा आणि नव्वद टक्के डेटा संपला की कळवा. आणि लिमिटनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. मला नव्वद टक्क्यांचा मेसेज आला. निम्म्याचा आला नाही. तो आला असता तर पंधरवड्यातच शंका आली असती आणि कॅमेऱ्यांचं बिंग तेव्हाच फुटलं असतं. नव्वद टक्क्यांना कळून माणूस काय करणार?

दुसरी गोष्ट, ते २ एमबीपीएस. २०२३ च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. आधी किमान ५१२ केबीपीएस होतं, आता किमान २ एमबीपीएस. आमच्या कंपनीने लिमिटनंतरचा स्पीड बरोबर त्या रेषेवर आणून ठेवलाय. नियमाने ते ब्रॉडबँडच. व्हॉट्सॲप चालतं, यूपीआय चालतं, सासूबाईंची मालिका धुरकट का होईना चालते. घराचं अडत नाही, माझं अडतं. शंभरवरून एकदम दोनवर आणण्याऐवजी वीसवर आणलं असतं तर मी हा परिच्छेद लिहिलाच नसता.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची कुरकुर आहे, ती पटायलाच हवी असं नाही. फायबर म्हटलं तरी ती वायर एकट्याची नसते. घरगुती फायबरमध्ये सर्रास वापरतात त्या जीपॉन पद्धतीत एका पोर्टवर साधारण अडीच गिगाबिट डाउनलोड आणि त्याच्या निम्मा अपलोड असतो, आणि तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेला असतो. बत्तीस घरांनी एकदम शंभर-शंभर मागितले तर कुणालाच पुरणार नाहीत. सगळे एकदम मागत नाहीत म्हणून हा धंदा चालतो. त्यात माझ्यासारखी एक असली की शेजाऱ्यांना त्रास, हे मला मान्य आहे. लिमिट असावं, यालाही माझा विरोध नाही. पण मी पहाटे तीनला अपलोड लावते तेव्हा कोणाचा स्पीड खाते? त्या वेळी वायर रिकामी पडलेली असते. तरी पहाटेचा जीबी आणि रात्री नऊचा जीबी एकाच भावाने मोजतात.

ज्यांनी बीएसएनएलचं डेटावन वापरलंय त्यांना आठवत असेल, पाचशेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद असायची. आमच्या कॉलेजच्या दिवसांत घराघरांतली मुलं दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करायची आणि आठच्या आत बंद करायला आईला सांगून झोपायची. ती पद्धत आजच्या सरसकट लिमिटपेक्षा शहाणी होती. तेव्हाच्या मानाने आजचं सगळं स्वस्त आणि मुबलक आहे, हेही खरं. २०१९ च्या सप्टेंबरात जिओ फायबर आलं तेव्हा ६९९ च्या प्लॅनला मूळ डेटा होता १०० जीबी. वर्षभरात, २०२० मध्ये, जिओ, एअरटेल, बीएसएनएल सगळेच ३३०० वर आले आणि लहान कंपन्यांनी तोच आकडा उचलला. माझं एक लग्न त्या १०० जीबीत मावलं नसतं.

घरगुती प्लॅनवर धंदा करता म्हणून कंपनी मला बिझनेस प्लॅन घ्यायला सांगू शकते, अटींत तसं कलम आहे. अजून सांगितलेलं नाही. काकांकडे लीज्ड लाइनचा, म्हणजे कुणाशी वाटून न घेता एकट्यासाठी घ्यायच्या लाइनचा, भाव विचारला होता. तो आकडा ऐकून मी चहा मागवला आणि विषय बदलला. सध्या कोटा संपला की ५०० जीबींचा टॉप-अप मारते, २०० रुपये आणि जीएसटी, एकूण २३६. टॉप-अप मात्र दोन मिनिटांत लागतो, त्याबद्दल तक्रार नाही.

कामाची पद्धतही बदलली. फोटोग्राफरांना आता सांगते, प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी, कमी दर्जाची नक्कल, करून पाठवा. दहा एमबीपीएसची प्रॉक्सी केली की २७० जीबींचं लग्न २७ जीबींत येतं. मी त्यावर कट करते, काही एमबींची प्रोजेक्ट फाइल परत पाठवते, मूळ फुटेजला जोडून रेंडर ते त्यांच्याकडे लावतात. जे ऐकतात त्यांचं काम आधी करते. जे ऐकत नाहीत, त्यांच्यातले कराडचे एक जण एसटी पार्सलने हार्ड डिस्क पाठवतात. एक टीबीची डिस्क, दोन तासांचा रस्ता. हिशेब केला तर सरासरी वेग १.१ गिगाबिट प्रति सेकंद भरतो आणि त्याला लिमिट नाही. वाटेत ट्रॅफिक लागलं तर तेवढा पिंग वाढतो.

साध्या घराने हे कनेक्शन डोळे झाकून घ्यावं. चार माणसं, दोन टीव्ही, एखाद्याचं वर्क फ्रॉम होम, तरी ३३०० संपत नाहीत. क्लाउडवाले कॅमेरे असतील तर आधी त्यांचं सेटिंग बघावं. एडिटिंग, स्ट्रीमिंग, मोठे बॅकअप असं काम असेल तर लिमिटनंतर स्पीड किती, हा प्रश्न काकांना वायर ओढायच्या आधी विचारावा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा अपलोडचा आहे, अर्धा जेसीबीच्या दिवशी आलेल्या त्या मुलाचा.

एकदम वर्षाचे पैसे भरले तर दोन महिने फुकट, अशी ऑफर होती. मी तीनच महिन्यांचे भरलेत. दुसरी एक कंपनी आमच्या रस्त्यावर खांब रोवतेय, तिचा लिमिटनंतरचा स्पीड वीस आहे असं तिचा पोरगा सांगतो. तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिची वायर गेटपर्यंत आली, तर बघू.