इस्लाम समजून घेण्याची चार रविवारची कार्यशाळा: पहिला रविवार बुडवला तरी चालेल

2025 च्या लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपासकाळ) केली होती, रिव्ह्यू लिहायचा राहूनच गेला, आता परत बॅच काढतायत असं कळलं म्हणून लिहितेय. विषय काय, तर ख्रिस्ती माणसाने इस्लामकडे आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे कसं बघायचं. नाशिकमधल्याच एका मंडळीने (चर्चने) ठेवली होती, नाव टाकत नाही कारण पहिल्या रविवारबद्दल जरा बोलायचंय. फी 200 रुपये, चहा-समोसा आणि झेरॉक्स नोट्स धरून. वेळ 4 ते 6, पण सहाला एकदाही सुटलो नाही.

पहिला रविवार साफ वाया. बाहेरून आलेला स्पीकर, प्रोजेक्टर, आणि माझ्या दिराने व्हॉट्सअॅपवर दहा वेळा पाठवलेले तेच व्हिडिओ. कुराणातली आयत (वचन) दाखवायचा पण ती कुठल्या सूरेतली (अध्यायातली), मागेपुढे काय आहे, काही नाही, नुसतं ‘हे लोक असेच’. शेजारी बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, अगं शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही नववी आज्ञा ना, की मुसलमान शेजारी त्यात धरत नाहीत? मी पैसे परत मागायच्याच बेतात होते.

पण दुसऱ्या रविवारपासून एक रिटायर पाळक साहेब (पास्टर) शिकवायला आले आणि क्लासच बदलला. कुराणातली 19 वी सूरा मरियमच्या नावाची आहे, आणि अख्ख्या कुराणात नाव घेतलेली बाई ती एकटीच, हे मला चाळिशी उलटल्यावर कळतंय म्हणजे बघा. ईसा म्हणजे आपला येशू कुमारीच्या पोटी जन्मले हे मुसलमान मानतात, मसीह म्हणतात, ते परत येणार असंही मानतात. पण वधस्तंभावर मरण झालंच नाही असं चौथ्या सूरेत (आयत 157) आहे आणि देवाला पुत्र नाही असं 112 व्या सूरेत. पाळक साहेबांचं म्हणणं असं की हा फरक लहान नाही, आपला विश्वास उभाच तिथे आहे, तेव्हा ‘सगळे धर्म शेवटी एकच’ म्हणून त्यावर पांघरूण घालू नका, त्यांनाही ते आवडत नाही. मला हे फार पटलं, कारण आमच्याकडे एकतर शिव्या नाहीतर गुळमुळीत गोडबोलेपणा, मधलं कोणी शिकवतच नाही.

615 च्या सुमाराची गोष्टही त्यांनीच सांगितली. मक्केत छळ व्हायला लागल्यावर पहिले मुसलमान हबशी देशात म्हणजे आताच्या इथिओपियाकडे पळाले, तिथल्या ख्रिस्ती राजासमोर त्यांच्यातल्याच जाफरने मरियमचीच सूरा म्हणून दाखवली, आणि मक्केवाले मागायला आले तरी राजाने यांना परत दिलं नाही. नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीतल्या माणसाला हे ऐकून काहीतरी होणारच, आपल्या वसाहतीचं नावच शरणवरून, 1854 ची, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथेच वाढली. त्यांच्यातला जेकब वेनराइट तर पुढे आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंग्स्टन, त्याचं शव घेऊन लंडनपर्यंत गेला.

चौथा रविवार प्रश्नोत्तरांचा. पाकिस्तानातल्या ख्रिस्ती आसिया बीबीचा विषय निघालाच, ईशनिंदेच्या केसमध्ये 2010 ला फाशीची शिक्षा, 2018 ला सुप्रीम कोर्टातून सुटका. पाळक साहेबांनी विषय टाळला नाही, फक्त म्हणाले की तिची बाजू घेतली म्हणून 2011 मध्ये स्वतःच्याच बॉडीगार्डच्या गोळ्या खाल्लेले तिथल्या पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर मुसलमान होते, तेही सांगत जा. हॉल गप्प.

तिसरा रविवार मुद्दाम शेवटी ठेवलाय. जुन्या नाशकातले उर्दू शाळेचे एक निवृत्त सर पाहुणे होते. 23 मार्च, म्हणजे त्यांचे रोजे चालू, आणि ऑर्गनायझर लोकांच्या डोक्यातच नाही! पाचला समोसे आले. वासाने हॉल भरला, कोणी हात लावेना. सर म्हणाले, अहो खा ना, रोजा माझा आहे, तुमचा थोडीच. मग त्यांनी विचारलं की त्र्यैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे नक्की काय, तीन देव का? आमच्या कॉयरमधल्या एकाने पाणी-बर्फ-वाफेचं संडे स्कूलवालं उदाहरण फेकलं. सर म्हणाले, पण तेच पाणी एका वेळी बर्फ आणि वाफ दोन्ही असतं का? सगळे पाळक साहेबांकडे बघायला लागलो आणि ते मिशीत हसतायत.

या गडबडीत पावणेसात होत आले. सरांनी खिशातून खजूर काढला, रोजा सोडला आणि नमाजला जागा विचारली. आम्ही संडे स्कूलची खोली उघडून दिली तर पश्चिमेच्या भिंतीवर (नमाज तिकडेच तोंड करून असते) मुलांनी रंगवलेला नोहाच्या तारवाचा मोठा चार्ट, हत्ती जिराफ सगळं. चित्रासमोर नमाज पढत नाहीत हे आम्हाला कुठे माहीत, ते बिचारे नुसते घुटमळले. पाळक साहेबांनीच खुर्चीवर चढून चार्ट उलटा लावला. नंतर एकदोन वडीलमंडळींनी चर्चच्या खोलीत नमाज कशाला म्हणून तोंडं वाकडी केली म्हणे, त्यांनी कार्यशाळेला यायला हवं होतं.

5 पैकी 3.5. दीड मार्क पहिल्या रविवारचा आणि झेरॉक्सचा, अर्ध्या ठिकाणी आयतींचे नंबर चुकलेत, घरी तपासून घ्या. पाण्याची बाटली न्या. जागा असतीलच तर दुसऱ्या रविवारपासून जा, आमच्या वेळी तरी फी 200 च होती.

आणि हो, पुढच्या रविवारी सकाळी मी संडे स्कूलचा वर्ग उघडला तर चार्ट तसाच पाठमोरा. पोरं विचारतायत, टीचर, हत्ती कुठे गेले?