अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन : २२ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

वय ५८, तीन बाळंतपणं, घरी शेंगाचटणीचा व्यवसाय. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आलं की हंडे उचलायचे. नऊ वर्षं अंग बाहेर येत होतं, म्हणजे पिशवी (गर्भाशय) आणि योनीच्या भिंती खाली उतरत होत्या, आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत अंड्याएवढा गोळा यायचा. लघवी पूर्ण व्हावी म्हणून तो बोटानं आत सारायचा.

आधी आठ महिने रिंग, म्हणजे अंग वर धरून ठेवायला योनीत बसवायचं कडं, वापरली. तीही चांगली सोय आहे, ऑपरेशन नको असेल तर जरूर विचारा. मला मात्र पांढरं फार जायला लागलं.

ऑपरेशन खालूनच झालं, पोटावर टाका नाही. पिशवी काढली, पुढची-मागची भिंत शिवली आणि वरचं टोक आतल्या मजबूत बंधाला टाक्यांनी बांधलं. त्यामुळे उजव्या कुल्ल्यात महिनाभर कळ यायची. बहुतेकींची ती आपोआप थांबते, पण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. रात्री रडले आहे मी. आधारासाठी कृत्रिम जाळी बसवतात, ती मला बसवली नाही. अमेरिकेत या त्रासासाठी खालून बसवायच्या जाळीची विक्री २०१९ मध्येच थांबवली, हे मुलीनं वाचलं होतं.

गोळा गेला, आणि खोकलं की लघवी गळायला लागली! गोळ्यानं लघवीची नळी दुमडलेली असते, म्हणून गळती लपून राहते. ऑपरेशनआधी गोळा आत सारून खोकायला लावतात, त्यात ती बऱ्याचदा कळते. बायांनो, ही तपासणी मागून घ्या. माझी गळती खालचे स्नायू आवळून धरायच्या व्यायामानं चार महिन्यांत बरीच कमी झाली.

१८व्या महिन्यात डॉक्टर म्हणाल्या, पुढची भिंत थोडी उतरलीय. माझे हातपायच गळाले. मग त्यांनी समजावलं: अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काटेकोर निकष लावले तर पाच वर्षांनी ६० टक्क्यांहून जास्त बायकांचं ऑपरेशन अपयशी ठरलं. पण पुन्हा उपचार लागले ते साधारण १० टक्क्यांना, आणि बहुतेकींचा त्रास आधीपेक्षा कमीच राहिला. मलाही बाहेर काही लागत नाही, लघवी एका बैठकीत होते.

यंदा गड्ड्याच्या यात्रेत नातवाला घेऊन संध्याकाळभर फिरले, कुठं बसायला जागा शोधावी लागली नाही. शेंगदाण्याचं पोतं आता दुकानदार आत आणून ठेवतो. हंडे सून भरते. तिला मी सगळं सांगितलंय, आणि तीही आता अर्धाच हंडा उचलते.