नाचणीची बिस्किटे: पाकीट उलटून वाचल्यावर

चवीच्या बाबतीत या बिस्किटांना नावे ठेवण्यासारखे काही नाही. ती खुसखुशीत आहेत, चहात बुडवल्यावर लगेच विरघळत नाहीत आणि नाचणीचा भाजका वासही थोडा जाणवतो. मात्र पाकिटावर नाचणीच्या कणसाचे मोठे चित्र छापून त्यांची विक्री ‘पौष्टिक’ म्हणून होत असल्याने परीक्षणही पौष्टिकतेचेच व्हायला हवे.

घटकांची यादी पाकिटाच्या मागच्या घडीखाली, तपकिरी रंगावर बारीक अक्षरांत आहे. आपल्याकडील नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पाम तेल आणि त्यानंतर नाचणीचे पीठ, तेही १८ टक्के. पुढे इन्व्हर्ट सिरप आणि लिक्विड ग्लुकोज अशी आणखी दोन नावे येतात. ही दोन्ही साखरेचीच रूपे आहेत, पण वेगवेगळी लिहिली गेल्याने प्रत्येकाचे वजन कमी दिसते आणि ती यादीत खाली जातात. म्हणून साखर किती आहे हे यादीवरून न ठरवता पोषणमूल्यांच्या तक्त्यातील ‘ॲडेड शुगर’ ही ओळ पाहावी, कारण तिथे सगळ्यांची बेरीज झालेली असते. येथे ती १०० ग्रॅममागे २३ ग्रॅम, म्हणजे जवळपास पावपट आहे.

तक्त्यातील दैनंदिन प्रमाणाची टक्केवारी मात्र दोन बिस्किटांची, म्हणजे १६ ग्रॅमची आहे, त्यामुळे सगळे आकडे किरकोळ वाटतात. चहाबरोबर दोनच बिस्किटे खाऊन थांबणारे किती असतील? सहा बिस्किटे खाल्ली, तर सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांहून अधिक साखर पोटात जाते, चहातली वेगळी. त्याच सहा बिस्किटांत संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) साडेचार ग्रॅम आहे. लेबलवरील दैनंदिन प्रमाण २२ ग्रॅम धरले, तर हा त्याचा पाचवा हिस्सा होतो.

आता ज्यासाठी आपण हे पाकीट उचलतो, त्या नाचणीकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बिस्किटांतील १८ टक्क्यांच्या हिशेबाने सहा बिस्किटांतून नाचणीचे कॅल्शियम ३० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून मात्र १८० मिलिग्रॅम मिळते, आणि तीत साखर किंवा पाम तेल नसते. वाढत्या वयाच्या मुलांच्या आया ही बिस्किटे हाडांसाठी म्हणून विकत घेतात, आणि हा फरक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

जमेच्या बाजूही नोंदवायला हव्यात. नाचणीची टक्केवारी स्पष्ट छापली आहे, ट्रान्स फॅट शून्य आहे आणि तंतुमय पदार्थ १०० ग्रॅममागे चार ग्रॅम आहेत, जे साध्या मैद्याच्या बिस्किटांपेक्षा थोडे बरे. पाहुण्यांसमोर ठेवायला किंवा प्रवासात अधूनमधून खायला ती चांगली आहेत. बिस्किट म्हणून मी त्यांना पाचपैकी साडेतीन गुण देईन. पौष्टिक खाऊ म्हणून दीड. मुलांच्या रोजच्या डब्यासाठी मी ती सुचवणार नाही. त्याऐवजी नाचणीचे घावन किंवा आंबील करावी, आणि वेळ नसेल तेव्हा ज्या पाकिटाच्या यादीत नाचणी पहिल्या क्रमांकावर आहे असेच पाकीट घ्यावे.