आत्याच्या कपबश्या: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

परवा कुरिअरवाल्यांचं शेवटचं उत्तर आलं: फुटणाऱ्या वस्तूंची भरपाई मिळत नाही. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच. पण ती तक्रार पुढे येईल, आधी कपबश्या.

गिरगावातलं आत्याचं घर रिकामं करताना आतेबहिणीने विचारलं, "तुला काय हवंय?" मी कपबश्या मागितल्या. पाच कप, सहा बश्या. आतोबा बोटीवर नोकरीला होते. 1950 च्या सुमारास त्यांनी जपानमधल्या कोबे बंदरातून हा सेट आणला, पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून. आत्याने तो कधी काचेच्या कपाटात ठेवला नाही. पोस्टमनपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना त्यातूनच चहा मिळे. माझ्याकडे आल्यावर मात्र मी त्या दोन आठवडे शोकेसमध्ये ठेवल्या. मग एका रविवारी लाज वाटली आणि काढल्या. तेव्हापासून रोज सकाळ-दुपार वापरतेय.

आत्या त्यांना 'बोनचायना' म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. शेजारच्या जैन काकूंनी त्यातून चहा घ्यायला नकार दिला तेव्हा शोध घ्यावा लागला. बोन चायनात हाडांची राख खरंच असते, जवळपास निम्मी, आणि त्याचा पांढरा रंग दुधाळ, उबदार दिसतो. आमच्या कपांचा पांढरा रंग थंड आहे, किंचित निळसर, म्हणजे हे बोन चायना नसावं. बुडाशी गुलाबाचं चित्र, 'रोज चायना' आणि 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का आहे. जपानवरचा दोस्तराष्ट्रांचा ताबा एप्रिल 1952 मध्ये संपला, म्हणजे आतोबांची साल जुळते. पण मला हलवून गेली ती दुसरी गोष्ट. 'रोज चायना' हा नोरिताके या जपानी चिनीमातीच्या कारखान्याचा शिक्का. 1904 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याला पहिला डिनर सेट बाजारात आणायला 1914 उजाडलं, कारण मोठी ताटली सपाट भाजली जाईना. युद्धानंतर चांगला कच्चा माल मिळेना, तेव्हा माल पूर्वीच्या तोडीचा नाही म्हणून त्यांनी काही काळ त्यावर स्वतःचं नावच घातलं नाही, गुलाब घातला. कारखान्याने नाव द्यायला कमी लेखलेला तो माल पंचाहत्तर वर्षं चहा पाजतोय. मी कप उजेडापुढे धरते तेव्हा पलीकडे माझ्या बोटांची सावली दिसते.

आता मुख्य मुद्दा, बशी. कपाबद्दल मी फार बोलणार नाही. तो सुरेख आहे, ओठाला पातळ लागतो, काठोकाठ 170 मिली मावतो. पण आमच्या घरात चहा बशीतून पितात आणि मला या वयात ते सोडायचं नाही. या बशीच्या कडा वर वळलेल्या आहेत आणि मधला खळगा अगदी उथळ. औषधाच्या टोपणाने मोजलं: न सांडता 80 मिली. म्हणजे एक कप बरोबर दोन बश्यांत रिकामा होतो. चहा पसरतो, पातळ होतो, अर्ध्या मिनिटात पिण्याजोगा होतो, साय कडेला चिकटते आणि आल्याचा वास थेट नाकात जातो. गेल्या दिवाळीत मी एका मोठ्या दुकानातून घेतलेल्या सेटची बशी जवळजवळ सपाट आहे. तिच्यात 30 मिलीच्या पुढे गेलं की ओघळ मनगटावर. 1,450 रुपये दिले होते त्याचे! बशी ही कप ठेवायची थाळी आहे असं मानणाऱ्यांनी ती घडवली आहे. बशीतून पिणं गावंढळ समजणाऱ्यांना एवढंच सांगते, की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही चहा बशीत ओतून पीत आणि तेवढ्या वेळात कप टेकवायला काचेची वेगळी छोटी चकती मिळे.

वापराचं थोडक्यात. उकळता चहा गार कपात एकदम ओतायचा नाही, आधी कोमट पाण्याने विसळायचा. सोनेरी कड आहे म्हणून मायक्रोवेव्ह बंद, ठिणग्या उडतात. धुताना सिंकमध्ये जुना पंचा अंथरते, तारेची घासणी लांब. डागांना ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा, पण कडेला नाही. जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं. आमच्यात फुलं फक्त कपाच्या बाहेरच्या अंगाला आहेत, तरी लिंबाचा चहा यात करत नाही.

सोनं झिजतंच. ते चकाकीच्या थरावर शेवटी कमी आचेत भाजून बसवलेलं असतं, आत मुरलेलं नसतं. सहाव्या, बिनकपाच्या बशीचं सर्वांत जास्त गेलंय, शिवाय तिला एक टवका आहे. आधी वाटलं, घासून गेलं असेल.

या सहाव्या बशीने मला चार महिने झोपू दिलं नाही. सेट पुरा करायचा ध्यास घेतला. चोरबाजारात मटन स्ट्रीटला दोन फेऱ्या झाल्या. तिथला एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "बाई, बश्या पोत्याने मिळतील. कप नाही. आधी कान जातो, मग कप जातो." शेवटी ऑनलाइन एका विक्रेत्याकडे तंतोतंत तोच कप दिसला. 2,200 रुपये. मी आयुष्यात एका कपाला एवढे पैसे दिले नव्हते, पण दिले. मुंबईहून पुण्याला, जेमतेम दीडशे किलोमीटर. खोका उघडला तर एक पदर वर्तमानपत्र आणि कानाचे तीन तुकडे. विक्रेता म्हणतो कुरिअरने आपटला, कुरिअर म्हणतं पॅकिंग नीट नव्हतं. फोटो पाठवले, 41 दिवस रोज फोन केला, विक्रेत्याने निम्मे पैसे परत केले, कुरिअरने काही नाही. कोबेहून समुद्र ओलांडून आलेल्या सेटचा कपचासुद्धा उडाला नव्हता. कान चिकटवून घ्या असं बरेच जण सुचवतात, पण नेहमीचा गोंद गरम चहाच्या कपाला, तोही कानाला, लावायला मी तयार नाही. हातातच निसटला तर पायावर भाजेल. तो कप आता पेनं ठेवायला.

इथपर्यंत महिनाभरापूर्वी लिहिलं असतं तर शेवटी 'कोणाकडे असा कप असल्यास कळवा' असं लिहिलं असतं. आता नको आहे. डॉक्टरांनी नवऱ्याची साखर पाहून दुपारचा चहा अर्धा करायला सांगितला, मग मीही अर्ध्यावर आले. दुपारी चार वाजता एक कप भरते आणि दोन बश्या मांडते. एक बशी त्याला, एक मला. हिशेब बरोबर बसतो, थेंब उरत नाही.

बिनकपाची बशी मी घेते. टवका ओठाला लागू नये म्हणून ती फिरवून, टवका पलीकडे करून धरावी लागते. तशी धरली, की सोनेरी कड जिथे पार पुसून गेली आहे, नेमकी ती जागा ओठापाशी येते. बाकी कड अजून चकाकते आहे.