पावसात पियानोच्या हातोड्या अडकतात: रॉड, डिह्युमिडिफायर की नव्या पिना?

श्रावण लागला की नाशिकच्या गंगापूर रोडच्या आमच्या घरात पियानोची पट्टी वर यायची, पण हातोडी तारेजवळच रेंगाळायची. तोच सूर लगेच पुन्हा वाजवला तर आवाजच नाही. तुमच्याकडेही असंच होत असेल तर आधी समोरची वरची फळी काढा आणि हातोडी बोटाने हलकेच ढकलून बघा. ती सुस्त परतली तर दोष सांध्यात. तिथे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची सेंटर पिन लोकरी फेल्टच्या अस्तरात फिरते; ओल धरून फुगलेलं फेल्ट तिला आवळतं. पट्टीच वर येत नसेल तर पट्टीतलं फेल्ट फुगलंय. ते काम सोपं.

पिना बदलणं हा कायमचा इलाज वाटतो. मलाही वाटला होता. ऐन ऑगस्टमध्ये एका कारागिराकडून बारा सांधे रीमरने, म्हणजे भोक किंचित रुंद करायच्या हत्याराने, मोकळे करून घेतले, छान वाजू लागले. एप्रिलच्या कोरड्या उन्हात तेच बारा सैल पडले, हातोड्या डुलू लागल्या, टकटक सुरू झाली. फेल्टच नको म्हणावं, तर स्टाइनवे या पियानो कंपनीने १९६२ मध्ये टेफ्लॉनची अस्तरं आणून पाहिली होती. लाकूड फुगायचं-आकसायचं, टेफ्लॉन तसंच राहायचं, खडखड व्हायची. शेवटी कंपनी फेल्टकडेच परतली.

म्हणून आधी हवा, मग पिना.

पियानोच्या आत बसणारा २५ वॅटचा रॉड आतली हवा किंचित गरम ठेवून ओल कमी करतो. दिवसाला ०.६ युनिट वीज, आवाज शून्य, खोलीच्या खिडक्या उघड्या असल्या तरी चालतं. पण ह्युमिडिस्टॅटशिवाय, म्हणजे ओल बघून रॉड आपोआप चालू-बंद करणाऱ्या स्विचशिवाय, अजिबात लावू नका; मे महिन्यात चालू राहिला तर साउंडबोर्डला, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला, चीर जाऊ शकते. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचून टाकीत जमवणारं यंत्र, अख्खी खोली सांभाळतो, तारांनाही गंजापासून वाचवतो. मात्र दारं-खिडक्या बंद हव्यात, टाकीतलं पाणी रोज ओतायचं, आणि सरावात त्याची घरघर. वेगळी खोली असेल तर हाच घ्या. येण्याजाण्याच्या हॉलमध्ये रॉड बरा.

सिलिका जेलच्या पुड्या नाशिकच्या पावसात काही दिवसांतच ओलीने भरतात. शिलाई मशीनचं तेल तर कृपा करून सांध्याजवळही नेऊ नका, फेल्ट ते पितं आणि चिकट होतं.

आम्ही रॉड लावला. हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर तीन आठवडे पन्नास टक्क्यांच्या खाली राहिला, बहुतेक हातोड्या आपणहून मोकळ्या झाल्या. अडलेल्या चार आणि सैल पडलेल्या बारा सांध्यांच्या पिना त्यानंतर बदलल्या.