कलरामा: टर्मिनलला रंग द्यायचाय तर हीच घ्या

पायथनमधे टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, रंगीत आउटपुट हवं असेल तर माझं मत सरळ आहे, कलरामा लायब्ररी घ्या. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात निम्मे लोक विंडोजवर, निम्मे उबुंटू लिनक्सवर, टेस्ट फेल झाली की ओळ लाल दिसावी एवढीच गरज, पण विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर रंग यायच्या ऐवजी चौकोनी कंस आणि ३१ असलं काहीतरी तसंच छापून यायचं. ते अ‍ॅन्सी कोड, म्हणजे टर्मिनलला रंग सांगणाऱ्या खुणा: ३० ते ३७ अक्षरांचा रंग, ४० ते ४७ मागचा, ० दिलं की रिसेट. कलरामा ते विंडोजला समजेल असं बदलून देते, लिनक्सवर तसंच जाऊ देते, म्हणजे प्रोग्राम एकच लिहायचा.

सगळ्यात भारी म्हणजे ऑटोरिसेट. सुरुवातीलाच हा पर्याय ट्रू (म्हणजे चालू) करून टाका, प्रत्येक प्रिंटनंतर रंग आपोआप मूळचा होतो, नाहीतर एक ओळ लाल केली की खालचं सगळंच लाल आणि डोकं फिरतं.

कमी काय, तर रंग फक्त १६. पूर्ण आरजीबी (लाल-हिरवा-निळा मिसळून हवा तो रंग), टेबलं, प्रोग्रेस बार हवे तर रिच ही दुसरी लायब्ररी बघा, ती पण मस्तय.

आणि प्लीज, काळ्यावर गडद निळी अक्षरं नका ठेवू, प्रोजेक्टरवर काही म्हणजे काही वाचता येत नाही. बॅकग्राउंड रंगवलात तर अक्षरांचा रंगही स्वतःच द्या, समोरच्याची थीम पांढरी आहे का काळी हे आपल्याला कुठे माहीत असतं!